रिकामा कलश

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी दापोऱ्याला गेले होते. दोन्ही हातांवर मेंदी ओली, आणि नेमका तेव्हाच फोनवर मेसेज आला: "आपलं विक्रेता खातं आज बंद होईल. लगेच या लिंकवर पासवर्ड भरून खात्री करा." माझा तर जीवच उडाला! बुऱ्हाणपूरची जुनी तांब्या-पितळेची भांडी मी लिलावाच्या साईटवर विकते. कुठकुठली गिऱ्हाईकं वस्तू हातात न घेता बोली लावतात, ती फक्त माझ्या नावावर. भारती वहिनीला म्हटलं, "वहिनी, तुम्हीच भरा ना पासवर्ड, माझे हात बघा." वहिनीने भरला. मेंदी मात्र झकास रंगली.

घरी परतले तर खातं उघडेना. नवऱ्याच्या फोनवर पाहिलं आणि डोकंच फिरलं. माझ्या दुकानात चांदीचा कलश लिलावाला! असला कलश मी जन्मात पाहिला नव्हता. बोली भराभर चढत होती आणि खाली लिहिलं होतं, "जिंकणाऱ्याने रक्कम सरळ या नंबरवर पाठवावी." मेल्याने नाव माझं लावलं आणि नंबर स्वतःचा!

साईटला तक्रार केली, तर "आपली तक्रार मिळाली" एवढंच छापील उत्तर. पोलिसांच्या सायबर हेल्पलाइनवर नोंदवलं. इकडे लिलाव संपत आला होता.

"अब क्या करनेका?" श्रीकांत कपाळाला हात लावून बसले. "लोक तर तुलेच चोर म्हणतीन."

ते ऐकून माझं रक्त असं उसळलं! तेवढ्यात कलशाखालची प्रश्नांची चौकट दिसली. तिथे कुणीही विचारावं, विकणाऱ्याने सांगावं, आणि ते सगळ्यांना दिसतं. नुसतं "ही मी नव्हे" लिहिलं असतं तर कोण मानणार होतं?

"अहो, तुमच्या खात्यातून सवाल टाका. कलशाच्या आत काय येईल, विचारा."

"आत काय येनार? तू बी ना..." म्हणता म्हणता ते थांबले आणि हसत टाइप करायला लागले.

भांडं कुणाला रिकामं देऊ नये, ही आमची रीत. मी विकलेल्या प्रत्येक भांड्यात मूठभर ज्वारी जातेच. पार्सलचं वजन वाढतं म्हणून श्रीकांत दर वेळी कुरकुरतात.

चोर हावरट, लगेच उत्तरला: "आत काहीही नाही. एकदम रिकामा आणि स्वच्छ येईल."

मी खुर्चीतून उडालेच! पण बोली आणखी एकदा चढली आणि माझा जीव टांगणीला लागला. मग नागपूरच्या लीलाधरभाऊंनी लिहिलं: "माझ्या तांब्यात ज्वारी आली होती. वंदनाताई रिकामं भांडं देत नाहीत. हा विकणारा कुणी दुसराच आहे!"

मागोमाग एक बाई: "माझ्या घंगाळातही होती!" आणखी कुणी: "मी ती कुंडीत पेरली, कणीस आलं." मग तर झुंबडच उडाली. लोकांनी बोल्या मागे घेतल्या, तक्रारींचा पाऊस पाडला. सगळ्यात मोठी बोली लावणारा लिहितो, "ताई, बँकेचं ॲप उघडून बसलो होतो. वाचलो!" मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. लिलाव बंद पडला. पुढे चौकशी होऊन खातंही परत मिळालं.

त्यानंतरचं पहिलं पार्सल लीलाधरभाऊंच्या पितळी डब्याचं. श्रीकांतच बांधायला बसले. बघते तर डब्यात दोन मुठी ज्वारी!

"अहो, वजन वाढेल," मी म्हटलं.

"वाढू दे," ते म्हणाले आणि तिसरी मूठ टाकली.