येडबाची हाळी

येडबाची हाळी कानावर आली की पूर्णेच्या काठानं मेंढरंच काय, रस्त्यानं जाणारी माणसंही मान वर करायची. जीभ टाळूला लावून आधी एक लांब फर्राटा आणि त्यालाच जोडून पोटातून काढलेली 'हेऽऽ यो'. येलदरी धरणाच्या पाण्याकडेला पांगलेली सगळी मेंढरं त्यासरशी माना फिरवायची आणि मुकाट त्याच्याकडे चालू लागायची. आणि वर्षभरापासून त्या मेंढरांच्याही पुढं एक लेकरू घसरती चड्डी सावरत धावत यायचं. तो येडबाचा नातू, अमृत.

या अमृतनं सगळं वेळेआधी केलं होतं. कुणी न बसवता बसला, रांगत रांगत चुलीपर्यंत जाऊन आईची दाणादाण उडवली, आणि वर्ष भरायच्या आत एका गरीब मेंढीच्या पाठीची लोकर धरून उभा राहिला तो चाललाच. दर वेळी येडबानं गावभर दवंडी पिटली. चालल्याच्या दिवशी तर पारावर गूळ वाटला. लोक तोंडावर कौतुक करत आणि पाठीमागं म्हणत, म्हातारं नातवापायी येडं झालं, नावाला जागलं.

पण बोलायचं म्हणाल तर पोराच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. खळखळून हसायचं, रुसायचं, हवं ते बोटानं दाखवायचं, नाही दिलं तर हात धरून ओढत न्यायचं. आई म्हणून मात्र एकदाही नाही. त्याची आई विजयमाला तो दीड वर्षाचा झाल्यापासूनच झुरायला लागली होती. शेजारची भक्ती अमृतच्या बरोबरीची. ती 'दूध दे', 'नको जा', 'माझी चप्पल' असं दिवसभर टुरुटुरु बोलायची, आणि तिचा आवाज आला की विजयमालाचे भाकरी थापणारे हात थांबायचे.

एकदा अंगणवाडीच्या धम्मशीलाताई घरी आल्या. कोणत्या वयात लेकरानं काय काय करावं याचा चित्रांचा तक्ता त्यांच्या पिशवीत असायचा. त्यांनी अमृतला जवळ घेतलं, त्याच्याशी बोलून पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, दीड वर्षाचं लेकरू धा-पाच शब्द तरी बोलतं. ह्याला ऐकू यायलंय का, ते एकदा बघून घ्या."

येडबाला झोंबलं. नातवाचं कौतुक ऐकायची सवय लागलेल्या कानांना हे कसं सोसावं? "ऐकू येत न्हाई मनता? चला ताई, डोळ्यानं बघा."

त्यानं त्यांना माळावर नेलं. मागून पारावरची चार रिकामी माणसंही आली. मेंढरं चरत होती, त्यांच्यामध्ये अमृत पाठ करून गवत उपटत बसला होता. येडबानं हाळी दिली. मेंढरं वळली, आणि अमृत ताडकन उठून सगळ्यांच्या पुढं पळत आला, आज्याच्या पायाला मिठी मारून हसला. माणसांनी वाहवा केली. धम्मशीलाताईही हसल्या, सुटल्यासारख्या. "मग कायी काळजी न्हाई. बोलंल सावकाश," म्हणाल्या. आता त्यांना तरी काय दोष द्यायचा? डोळ्यांनी पाहिलेलं कोण नाकारणार.

त्यानंतर विजयमालानं तोंड उघडलं की सासू बानूबाई तिला गप्प करायची. "माझा दत्ता तरी कुठं लवकर बोलला होता? आता बोलायला लागला की थांबत न्हाई." आणि येडबा म्हणायचा, "मेंढराची हाळी वळखतंय लेकरू, अन् तुला अजून शंका." सून खाली मान घालून कामाला लागायची. तिचा नवरा दत्तराव सेलूला जिनिंगमध्ये, कापसाच्या हंगामात तिकडंच राहणारा. फोनवर तोही हेच म्हणायचा. असं करता करता वर्ष उलटलं. अमृतला अडीच वर्षं होऊन गेली.

यंदा एका सकाळी जनावरांचे डॉक्टर मेंढरांना लस टोचून गेले, म्हणून मेंढरं दुपारपर्यंत काटेरी कुंपणाच्या वाडग्यातच होती. एक लंगडी मेंढी तेवढी अंगणात बाभळीला बांधलेली. अमृत तिच्यासमोर बसून खडे मांडत होता. येडबा त्याच्या मागं, ओट्यावर. जेवणाची वेळ झाली म्हणून त्यानं गमतीनं, हळू, हाळी दिली.

पोरगं हललं नाही. खाली बघत खडे मांडत राहिलं. येडबानं पुन्हा दिली, जरा मोठ्यानं. वाडग्यात मेंढरांची हालचाल झाली, पण वाडगं अमृतच्या पाठीमागं. मग लंगड्या मेंढीनं मान वर केली, कान टवकारले आणि येडबाकडे पाहिलं. अमृतनं मेंढीकडे पाहिलं, तिची नजर कुठं गेली ते पाहिलं, आणि मग कुठं तो वळला. वळला आणि हसत पळत आला.

सारा जन्म मेंढरांचे कान आणि माना बघण्यात घालवलेला माणूस तो. त्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. त्यानं लेकराला उचलून परत खड्यांपाशी बसवलं. मेंढी सोडून घरामागं नेऊन बांधली. मागं येऊन हाळी दिली. मग त्याचं नाव घेतलं. मग गळ्याच्या शिरा ताणून ओरडला. अमृत एकावर एक खडा ठेवत होता, आणि त्याचा तो मनोरा पडला नाही याचाच त्याला आनंद होता.

येडबानं वळून पाहिलं तर दारात विजयमाला उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. ती मटकन उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडात कोंबला. ती ओरडली असती, भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"माले," तो कसाबसा म्हणाला, "उद्या परभणीला जाऊ."

परभणीला कानाच्या डॉक्टरांनी अमृतला औषध पाजून झोपवलं, कपाळाला आणि कानामागं तारा चिकटवल्या, कानात नळ्या घालून आवाज सोडले. झोपेतसुद्धा कान आपलं काम करतो, आवाज मेंदूपर्यंत पोचतो की नाही हे मशीनला कळतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. पोचत नव्हता. एकाही कानातून नाही, आणि जन्मापासूनच.

"कधी लक्षात आलं तुमच्या?" डॉक्टरांनी विचारलं.

विजयमालानं सासऱ्याकडे पाहिलं नाही. तिनं न पाहणंच त्याला फार लागलं. तो म्हणाला, "आत्ता."

डॉक्टर भला माणूस. रागावला नाही. बोलणं शिकण्याची मेंदूची खरी भूक याच पहिल्या वर्षांत असते, म्हणाला. पुढं ती मंदावत जाते, आणि मागं गेलेली वर्षं कुणालाच परत आणता येत नाहीत. कानामागं ऑपरेशन करून मशीन बसवता येईल, खर्चाचं सरकारी योजनेतून बघू, नंतर बोलायला शिकवावंही लागेल, पण आता एकेक महिना मोलाचा आहे. मोठ्या दवाखान्यात पाठवायचं तर आई-बाप दोघंही पाहिजेत, दोघांची संमती पाहिजे. पुढच्या आठवड्यातला वार सांगून त्यानं बजावलं, "चुकवू नका."

म्हणजे आता सगळं दत्तरावावर आलं. रविवारी तो सेलूहून आला. येडबानं त्याला दारातच गाठलं आणि जेवढं समजलं होतं तेवढं सगळं एका दमात सांगितलं. दत्तराव ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत होता. मूर्ख माणूस नव्हता तो, बापच होता. पण बानूबाई मध्ये पडली.

"झोपलेल्या लेकराचे कान तपासले रे त्यायनं. औषध पाजून झोपवलं, अन् मग मनतात ऐकू येत न्हाई. झोपल्यावर कुणाला ऐकू येतं?"

"आत्याबाई, तसं नस्तंय, ते मशीन..." विजयमाला म्हणू लागली.

"तू गप्प बस. डोस्क्याला भोक पाडणार मनं लेकराच्या."

डोक्याला भोक हे शब्द दत्तरावाच्या काळजात रुतले. त्यानं अमृतला छातीशी धरलं. त्या क्षणी त्याला कुणीतरी, काहीही करून, हे खोटं आहे असं सांगायला हवं होतं. येडबाला ते दिसत होतं, कारण वर्षभरापूर्वी त्यालाही तसंच हवं होतं.

"तुला दाखवतो," येडबा म्हणाला. "मेंढराबिगर दाखवतो."

अमृतला ओसरीच्या फरशीवर, भिंतीकडे तोंड करून खेळायला बसवलं. येडबा हळूच मागं गेला आणि त्यानं नाव घेऊन हाक मारली. पोरगं वळलं नाही. "बघ," तो म्हणाला. "खेळात दंग हाय," बानूबाई म्हणाली. "भक्तीला हाक मार, ती तरी वळती का खेळताना?" मग येडबाचा तोल गेला. ऐकू येणारं लेकरू न वळता राहूच शकणार नाही असा दणका द्यावा म्हणून त्यानं कोपऱ्यातलं घमेलं उचललं आणि पोराच्या मागं फरशीवर आपटलं.

फरशी हादरली. अमृतनं दचकून मागं पाहिलं, आज्याला पाहून खुदकन हसला.

"ऐकलं की," बानूबाई म्हणाली. दत्तरावानं सोडलेला श्वास सगळ्या ओसरीला ऐकू आला.

"फरशी हादरली रे दत्ता," येडबा म्हणाला. "बुडाखाली हादरलं त्याच्या. ऐकू न्हाई आलं." पण म्हणता म्हणताच त्याला आपले शब्द लंगडे वाटले. हरलेला माणूस सबब सांगतो तसे. विजयमाला नवऱ्याच्या पायाशी बसली, म्हणाली, "धनी, मी आई हाय त्याची. तो झोपल्यावर मी त्याच्या कानाशी रोज बोलून बगते. एकदा चला फक्त." दत्तराव तिच्याकडे न बघता म्हणाला, "आबा, बाहीर चला. हाळी द्या."

"न्हाई देत."

"का? लोक मनतात तुमी हाळी दिली की पहिला हाच पळत येतो. मला बघू द्या."

"तो मेंढराकडं बघून येतो. हाळीनं न्हाई येत."

"आबा, द्या."

येडबा हलला नसता. पण दिवस मावळतीला आला होता, घरासमोरच्या माळावरची मेंढरं चरत चरत शेजाऱ्याच्या फुलावर आलेल्या तुरीकडे सरकली होती, आणि अमृत केव्हाच ओसरीवरून उतरून त्यांच्यात जाऊन मिसळला होता. शेजारी बांधावरून शिव्या घालायला लागला. मेंढरं दुसऱ्या कुणाला जुमानत नव्हती, आणि येडबाच्या गुडघ्यांत पळायचं बळ नव्हतं. दत्तराव बापाच्या शेजारी येऊन उभा राहिला. मागं बानूबाई, तिच्यामागं आरडाओरड ऐकून आलेली पारावरची तीच चार माणसं. विजयमाला दारातून हलली नाही.

येडबानं जीभ टाळूला लावली. उभ्या आयुष्यात देवाकडे त्यानं नातवाच्या चालण्यासाठी, बोलण्यासाठी, कशाकशासाठी मागणं घातलं होतं. आज त्यानं एवढंच मागितलं की लेकरू येऊ नये. एवढी एक वेळ तिथंच बसावं, गवत उपटत राहावं, बापाच्या डोळ्यांदेखत.

त्यानं हाळी दिली. मेंढरांनी माना फिरवल्या. अमृतनं बाजूच्या मेंढीकडे पाहिलं, मग येडबाकडे, आणि दोन्ही हात पसरून पळत सुटला, सगळ्यांच्या पुढं. येऊन त्यानं आज्याच्या पायाला मिठी मारली.

माणसं हसली. दत्तरावानं लेकराला उचललं, त्याच्या गालांचे मुके घेतले आणि बाहीनं आपले डोळे पुसले. "डॉक्टरला सांगा, आमी येत न्हाई मनून," तो म्हणाला.

"दत्ता, माझं ऐक. पाया पडतो तुझ्या."

दत्तरावानं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. किती दिवसांनी तो इतका मोकळा हसत होता. "आबा, तुमीच तर साऱ्या गावाला दाखवलं होतं," तो म्हणाला, आणि लेकराला खांद्यावर घेऊन घराकडे निघाला. येडबा मेंढरांमध्ये उभा राहिला. दारातून विजयमाला आत निघून गेली होती.