मिटल्या डोळ्यांतलं लिंबू

मालनला लिंबू काही दिसत नव्हतं. डोळे मिटायचे आणि मनाने समोर लिंबू आणायचं, पिवळंधमक, सालीवरच्या बारीक खड्ड्यांसकट, हा श्यामकांत सरांच्या गूढविद्या वर्गातला पहिला धडा. सर बँकेतून निवृत्त झालेले, विद्या विलायती पुस्तकांतून शिकलेले. पार्ल्याच्या त्यांच्या बैठकीच्या खोलीत फरशीवर खडूचं वर्तुळ आणि मधोमध मेणबत्ती. अंगात येणं नाही, धूप-अंगारा नाही, सगळं कसं शिस्तीत. मालन डोळे मिटायची आणि तिला दिसायचा नुसता अंधार, फार तर घाटकोपरच्या घरातल्या मोरीतला भांड्यांचा ढीग.

आणि जानकीला? पहिल्याच दिवशी दिसलं, देठाला पान असलेलं. वर तोंडाला पाणीसुद्धा सुटलं. सर म्हणाले, "वा!"

तो एक 'वा' मालनला चांगलाच झोंबला. जानकी तिची धाकटी जाऊ. पेपरातली जाहिरात बघितली मालनने, नवऱ्याशी भांडली मालन. बसच्या प्रवासाला सोबत हवी म्हणून हिला आणलं, तर भटाला दिली ओसरी! घरात सासूच्या तोंडी जानकी, आमटी चांगली जानकीची, मुलगा झाला तोही जानकीलाच. हा वर्ग तेवढा मालनचा स्वतःचा होता. आता वर्ग संपताना सर एकीलाच पुढच्या पायरीवर घेणार होते आणि ती कोण, हे सांगायला कुठलीही गूढविद्या लागत नव्हती.

शेवटच्या दिवशी सर म्हणाले, "एकेकाने वर्तुळात उभं राहून आपला संकल्प मोठ्याने बोलायचा. पुस्तकी नको. घरच्या भाषेत."

मालनने एक छानसं वाक्य पाठ केलं होतं. पण ज्योतीसमोर हात जोडले आणि तोंडातून निघालं ते गावच्या देवळातलं गाऱ्हाणं. तिचे वडील घालायचे तसंच, त्याच चढ्या सुरात.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरा हय जमली हत..."

"व्हय म्हाराजा!" मागून जानकीचा आवाज आला. गाऱ्हाणं ऐकलं की कोकणातल्या माणसाच्या तोंडून 'व्हय' आपोआप निघतं.

"माका जा दिसना नाय, ता माका दाखय..."

"व्हय म्हाराजा!"

मालनचा तोल सुटला. "आणि जी माझ्या मागसून इली नि माझ्या फुडे गेली, तिका काय एक दिसू देव नको!"

बाकीच्यांना मालवणी कळत नव्हती, पण सूर कळला असावा. मालनने वळून पाहिलं. जानकी हात जोडून, डोळे मिटून उभी होती.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली. यावेळी हळू.

मालन जाग्यावर येऊन बसली तेव्हा तिचे कान तापले होते. "समाजला तुका, मी काय बोललंय ता?"

"समाजला, वयनी."

"मगे व्हय कशाक म्हटलस गो?"

"गाऱ्हाणा अर्ध्यात सोडतत काय? कोणीतरी व्हय म्हणूकच व्हया."

मग सरांनी शेवटची परीक्षा घेतली. जानकीने डोळे मिटले, बराच वेळ मिटूनच ठेवले. "नाही दिसत, सर," ती म्हणाली. खरंच दिसत नव्हतं की दिलेला शब्द पाळत होती, देव जाणे.

मालनची पाळी आली. तिने डोळे मिटले आणि लिंबू आलं! पिवळंधमक, रसरशीत, बारीक खड्ड्यांसकट.

"दिसलं, सर!"

"वा!" सर म्हणाले. "कुठे आहे? ताटात की जमिनीवर?"

लिंबू कुणाच्या तरी तळहातावर होतं. मनगटात हिरव्या बांगड्या होत्या, आणि त्या जानकीच्या होत्या. हात पुढे करून ती म्हणत होती, घे गो वयनी.