एक्क्यांची जोडी

मृत्युंजयने कॉलेजातली गणिताची नोकरी सोडली ती पोकरपायी. दोन वर्षं तो घरात बसून ऑनलाइन खेळला, मग कायद्याने तेही बंद झालं. उरला फक्त संगमेशच्या फ्लॅटवरचा रविवार दुपारचा डाव. संगमेश त्याचा जुना मित्र. यंदा तिथे जिंकणारा गोव्याच्या स्पर्धेला जाणार होता.

"एवढं एकदाच," तो बायकोला म्हणाला. ऋतुजाने मान वर केली नाही.

शेवटी तिघं उरले. तो, संगमेश आणि मंद्रूपचा बिरुदेव. मृत्युंजयच्या हातातले दोन्ही पत्ते एक्के निघाले. याहून वरचे पत्ते नसतात. टेबलावरचे सगळ्यांसाठीचे पत्ते उघडण्याआधी पहिली पाळी त्याचीच होती. बोली वाढवायची, की नुसती चालू बोली भरायची? एरवी तो वाढवायचाच. पण मघाशी राजांच्या जोडीवर वाढवली, तर दोघांनीही पत्ते टाकले होते. आता कुणी पळू नये म्हणून त्याने नुसती बोली भरली.

संगमेशने पत्ते टाकले. बिरुदेवची सक्तीची बोली आधीच लागलेली होती, त्यामुळे तो फुकटात आत राहिला. टेबलावर राजा, सत्ती, चव्वी उघडली. मृत्युंजयने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. बिरुदेवनेही ढकलल्या आणि हातातले पत्ते दाखवले. सत्ती आणि चव्वी. दोन जोड्या, एक्क्यांच्या एका जोडीपेक्षा वरचढ. पुढच्या दोन पत्त्यांनी काही बदललं नाही, आणि मृत्युंजय बाहेर पडला.

"वाढवलं असतंस तर म्या टाकलंच असतं की," बिरुदेव म्हणाला. "असले पत्ते घेऊन कोण बसतंय?"

घरी आल्या आल्या मृत्युंजयने ऋतुजाला सगळा डाव सांगायला घेतला.

"माझी नातेपुत्याला बदली झाली," ती मध्येच म्हणाली. "मीच मागून घेतली."

"थांब, आधी ऐक. संगमेश टाकणार हे मला माहीत होतं. प्रश्न बिरुदेवचा होता..."

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "मी आत्ता काय सांगितलं?"

तिचे ओठ हललेले त्याला आठवत होते, शब्द आठवत नव्हते.

"बिरुदेवबद्दल काहीतरी?" त्याने विचारलं.

ऋतुजा आत गेली. कपाट उघडल्याचा, मग बॅग ओढल्याचा आवाज आला. तिच्यामागे जावं, असं त्याला वाटलं. पण तो खुर्चीतच बसून राहिला.