दाबयंत्राच्या पोटातला कप्पा

मिर्ता रोस्तान नाकावर माशी बसू द्यायची नाही, हे कोलोनियाकडच्या त्या चीज कारखान्यात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. बावीस वर्षं तिथली साफसफाई तिच्या ताब्यात होती. माझ्या फरशीवर रस्सा ओतून पावाने टिपून खा, असं ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायची, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, खरंच खायला लावते की काय.

आणि त्याच फरशीवर दोनदा लिस्टेरिया हा आजार पसरवणारा जंतू सापडला. दोन्ही वेळा चीज दाबायच्या यंत्राजवळ. कापसाचा बोळा फिरवून घेतलेला नमुना प्रयोगशाळेत जायचा आणि तिकडून वाईट बातमी यायची. संचालक आर्तूससाहेबांनी सांगून टाकलं होतं की गुरुवारी तिसरा नमुना जाईल. तोही वाईट निघाला तर साफसफाईचं काम माँटेव्हिडिओच्या कंत्राटदाराला. म्हणजे मिर्ता आणि तिच्या हाताखालच्या तिघी घरी. त्या तिघींपैकी दोघींच्या घरी दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

बुधवारी सकाळी दहाला लुक्रेसिया आली ती एक बाटली घेऊन. ही तपासणी विभागाची इंजिनियर, वय सव्वीस, मिर्ताच्या धाकट्या भाचीएवढी. तिने सगळ्यांना गोळा करून समजावलं. एकटादुकटा जंतू साबणाने मरतो. पण दहा जण जमले, घर बांधून बसले आणि अंगावर चिकट पांघरूण ओढून घेतलं, की साबण वरच्या वर वाहून जातो आणि हे आत खुशाल नांदतात. त्यांना वास नाही, रंग नाही. हे औषध मात्र जिथे असा थर असेल तिथे पांढरा फेस काढतं.

"फेस माझ्या तोंडाला आधीच आलाय, बयो," मिर्ता म्हणाली. "तुझ्या बाटलीतला कशाला आणखी?"

पण फवारणी सुरू झाली आणि रंगच पालटला. फरशीवर औषध पडलं, फेस नाही. दुधाच्या टाकीवर नाही, टेबलांवर नाही, सुऱ्यांवर नाही. दाबयंत्राजवळच्या मोरीच्या कडेला थोडा आला, तेवढंच. प्रत्येक फवाऱ्यागणिक मिर्ताची मान वर जात होती. शेवटी तिने ती बाटली लुक्रेसियाच्या हातातून काढूनच घेतली आणि तिच्या अंगात आलं.

तिने खिडक्यांवर फवारलं, दारांच्या मुठींवर फवारलं, आर्तूससाहेबांच्या बुटांवर फवारलं. बूट फसफसून आले. साहेब एका पायावर उभे राहिले आणि सगळा कारखाना पोट धरून हसला. मग काय, लोक आपापल्या वस्तू घेऊन रांगेतच उभे राहिले. कुणी टोपी आणली, कुणी किल्ल्या. मिर्ताच्या तिघींतली इव्होन लग्नाची अंगठी काढून पुढे आली. अंगठी फेसाळली.

"तरी म्हणते," इव्होन म्हणाली, "वीस वर्षं धुतेय, हा माणूस निघत कसा नाही."

एवढ्यात कुणीतरी उपाहारगृहातला येर्बाचा तुंबा आणला. त्या मुलखात माणूस एक वेळ जेवण सोडेल, पण येर्बा सोडणार नाही. येर्बाचा चहासारखा कडू पाला तुंब्यात भरायचा, थर्मासमधलं गरम पाणी ओतायचं आणि एकाच धातूच्या नळीने सगळ्यांनी आळीपाळीने ओढायचं. तुंब्याला साबण लावणं म्हणजे पाप. मिर्ताने आत एकच फवारा मारला आणि दूध उतू जावं तसा फेस काठावरून बाहेर आला. त्या सकाळी अकरा जणांनी त्या नळीला तोंड लावलं होतं. अकराच्या अकरा जणांनी तोंड पुसलं.

लुक्रेसिया हसून म्हणाली की बाहेर आहे तोवर चालू द्या, तुमच्या पोटांना सवय आहे. पण ओला पाला आणि कोमट पाणी कारखान्याच्या आत कुठे साचलं, तर त्या जंतूंना आंदणच मिळालं. मग तिने सहज विचारलं की आत येर्बा कुणी आणत नाही ना. सगळ्यांनी छताकडे पाहिलं. मिर्ताने मात्र दाबयंत्राकडे.

गोष्ट अशी होती. दाबयंत्राच्या पोटाखाली पत्र्याचा एक कप्पा होता. आठ वर्षांपूर्वी त्यातली मोटर काढली आणि कप्पा रिकामा राहिला. तेव्हापासून रोज सकाळी सहाला, दुधाची गाडी यायच्या आधी, मिर्ता आणि एल्बिओमास्तर त्या यंत्राआड उभं राहून येर्बा प्यायचे. एल्बिओ दाविट हे कारखान्याचे चीज बनवणारे मुख्य कारागीर, विधुर, गुडघ्यांनी बेजार. मिर्ताही विधवा. बोलणं काय, तर थंडी, दुधाची साय आणि मास्तरांचे गुडघे. पिऊन झालं की तुंबा आणि थर्मास कप्प्यात. आणि कुणी तिथे हात घालू नये म्हणून मिर्ताने तिघींना बजावून ठेवलं होतं की आत मोटर आहे, करंट आहे. त्या बिचाऱ्यांनी आठ वर्षं तिथे फडकंसुद्धा लावलं नाही. तिथे ओलं ठिबकत असेल आणि यंत्र हललं की खाली झिरपत असेल, हे मिर्ताला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं, आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

लुक्रेसिया नेमकी त्याच कप्प्यापाशी थांबली. यात काय आहे, असं तिने इव्होनला विचारलं. इव्होनने प्रामाणिकपणे करंट आहे म्हणून सांगितलं. लुक्रेसियाने मान डोलावली आणि ती पुढे निघाली.

मिर्ता वाचली होती. उद्या नमुना जाईल, वाईट निघेल आणि का ते कुणाला कधीच कळणार नाही. तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर हातातला झारा असा न्याहाळत होते, जणू जन्मात झारा पाहिला नव्हता. मग तिने इव्होनकडे पाहिलं.

"करंट-बिरंट काही नाही," मिर्ता म्हणाली. "मी खोटं बोलले."

तिने झाकण ओढलं आणि उरलेली अर्धी बाटली आत रिकामी केली. आधी फसफस ऐकू आली, मग फेस आला आणि येतच राहिला. फेस मोरीकडे निघाला आणि त्याच्यावर स्वार होऊन एक तुंबा डुलत डुलत बाहेर आला. मागे थर्मास दिसत होता.

"तुंबा माझा आहे," मिर्ता म्हणाली. "जे काही करायचं ते मला करा."

"ती खोटं बोलतेय," मास्तर झारा टाकून पुढे आले. "तुंबा माझा, थर्मास माझा. तिने नुसती जागा दाखवली."

"पाणी मी ओतायचे."

"पण नळी मी पुसायचो."

आर्तूससाहेबांनी विचारलं, "दोघंच? आणि एकच नळी?"

"एकच," मास्तर म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले.

इव्होनने पहिली शिट्टी मारली. मग सगळ्यांनीच मारल्या, आणि आर्तूससाहेबांना हसू दाबण्यासाठी खोकावं लागलं.

नियम तो नियम. दोघांनाही दहा दिवस घरी बसायची शिक्षा झाली, पण आधी कप्पा साफ करायचा होता. तो मिर्ताने दुसऱ्या कुणाला करू दिला नाही. लुक्रेसियाने सांगितलं तसंच तिने केलं: जंतूंचं घर आधी पाडायचं, औषध मग. पत्रा खोलला, कॉस्टिक सोडा घेऊन ब्रशने कोपरान् कोपरा खरवडला, धुतला, मग वरून औषध. मास्तरांनी गुडघे टेकून बॅटरी धरली. पुन्हा फवारलं तेव्हा एक बुडबुडा आला नाही. संध्याकाळी वेल्डर आला आणि त्याने तो कप्पा कायमचा बंद केला.

गुरुवारी सकाळी मिर्ता सवयीने पाचला उठली आणि स्वयंपाकघरात येरझारा घालू लागली. सहाला दार वाजलं. दारात एल्बिओमास्तर, काखेत नवा थर्मास, भिंतीला सायकल. सात किलोमीटर थंडीतून आले होते. शुक्रवारीही आले, शनिवारीही आले. रविवारी चर्चला जायचं म्हणून साडेपाचलाच आले.

पुढच्या बुधवारी ते समोर बसलेले असतानाच लुक्रेसियाचा फोन आला. तिसरा नमुना स्वच्छ निघाला होता. कंत्राटदाराला नाही म्हणून कळवलं होतं. तिघी कामावर राहिल्या, आणि या दोघांनी सोमवारी यायचं होतं. मिर्ताने फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून रडली. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मास्तरांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी तिच्यासाठी तुंबा भरला.

"सोमवारपासून तिथे तर काही प्यायला मिळणार नाही," तो तिच्यापुढे ठेवत ते म्हणाले. "मी इथेच येईन म्हणतो. पाचला."

"पाचला येणार म्हणजे चारला उठणार. या थंडीत, सायकलवर, असले गुडघे घेऊन." मिर्ताने डोळे पुसले. "येऊ नकोस."

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी थर्मासचं झाकण लावायला घेतलं.

"अरे, जाऊच नकोस म्हणतेय मी," मिर्ता म्हणाली.

मास्तर उठले आणि त्यांनी बाहेरची सायकल आत आणून ठेवली.