रांजणकोंडावरचा बेवडा

"मावशी, तो बेवडा बुडाला ती जागा कुठली?"

विचारणारा पोरगा चांगल्या घरातला दिसत होता. बदलापुरातल्या कात्रपहून आलेला, बरोबर तीन मित्र, गळ्यात मोबाइलची प्लास्टिकची पिशवी. बकुळानं कणसाला लिंबू चोळता चोळता वर बघितलं. रांजणकोंडाच्या काठावर ती सात वर्षं कणसं भाजत होती आणि या कोंडात आजवर एकच माणूस बुडाला होता. तो तिचा नवरा होता, महेश. त्यानं जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं.

"कोन बोलला बेवडा?"

"तो इकोवाला. स्टेशनवरून त्यानंच आणलं आम्हाला. बोलला, टेन्शन नका घेऊ, एकच मेलाय, तो पण फुल टाइट होता."

इकोवाला म्हणजे धर्मराज. महेशचा पाठचा सख्खा भाऊ. आता बोला.

बदलापूर गाव मागं टाकून पूल ओलांडला की अर्ध्या तासात हा कोंड, नदीतला खोल डोह, येतो. पावसाळ्याच्या रविवारी नुसती जत्रा. उल्हासनगरचे, अंबरनाथचे, पार डोंबिवलीचे लोक, बिर्याणीची पातेली आणि गाण्यांची ठणठण. 'खोल पाणी, उतरू नये' अशी मोठी पाटी आहे. तिच्यावर लोक ओले टॉवेल वाळत घालतात.

सात वर्षांमागं श्रावणात अशीच तीन पोरं भोवऱ्यात सापडली. महेश गुरं घेऊन काठावर होता. पट्टीचा पोहणारा, याच पाण्यात लहानाचा मोठा झालेला. त्यानं दोघांना बाहेर ओढलं, तिसऱ्याला काठाकडं ढकललं आणि स्वतः कपारीत अडकला. दुसऱ्या दिवशी सापडला. ती तिघं तोवर गाडीत बसून पसार झाली होती. ना नाव, ना गाव. मेल्यांनो, निदान दहाव्याला तरी यायचं होतं. एक नारळ घेऊन कुणी दारात आलं नाही.

दुपारी धर्मराज गाडी लावून भाकर खायला टेकला, तशी बकुळा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भावोजी, तुमचा भाऊ कधीपासून दारू प्यायला लागला?"

धर्मराजचा घास हातातच राहिला. शेजारी कणसं सोलत बसलेल्या वेणूबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, काय ते दोघांच्या तोंडाकडं बघून ओळखलं. मग म्हातारीनं जो तोंडाचा पट्टा सोडला, तो विचारू नका.

"माझ्या माळकऱ्या पोराला बेवडा केलास? तुझ्या जिभेला काय हाड? त्याच्या जिवावर शिकलास, त्यानं घेऊन दिली ती गाडी चालवतोस, आनि त्याच्याच तोंडाला दारू लावतोस? माझ्या पोटी तू येन्यापरीस धोंडा आला असता तर कपडं धुवायला कामी आला असता."

धर्मराजनं सगळं ऐकून घेतलं. चिडला असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. तो शांतपणे बोलला.

"वयनी, पयल्या वर्षी मी खरं तेच सांगायचो. माझा भाऊ, लय चांगला पोहनारा, दुसऱ्यांना काढताना गेला. गाडीत सगळी चिडीचूप. बाया पोरांना कुशीत घ्यायच्या. अर्ध्या वाटेत बोलायचे, गाडी वळवा, त्या स्विमिंग पूलवाल्या फार्महाऊसला सोडा. पोहनारा मेला म्हनलं का जो तो घाबरतो. बेवडा मेला म्हनलं का जो तो म्हनतो, मी कुठं प्यालोय."

"घाबरू देत की. घाबरले तर जगतील."

"जगतील. फार्महाऊसला जाऊन जगतील." त्यानं ताटलीतच हात धुतला. "तुमची कनसं कोन खानार?"

बकुळानं उत्तर पुढच्या रविवारी दिलं. जो विचारेल त्याला आणि जो विचारणार नाही त्यालाही तिनं महेशची गोष्ट सांगितली. कपार कुठं आहे ते बोट करून दाखवलं. सांगताना तिची मान ताठ होती. सात वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, आपण इथं नवऱ्याच्या नावानं बसलोय.

लोक ऐकायचे. एका बाईच्या तर डोळ्यांत पाणी आलं. तिनं बकुळाचा हात धरला, "फार सोसलंत हो," म्हणाली, आणि नवऱ्याला, दोन्ही पोरांना घेऊन सरळ गाडीकडं गेली. कणीस नाही घेतलं. डोळ्यांतल्या पाण्यावर कुणाची चूल पेटते?

तीन वाजेपर्यंत काठ ओस पडला. शेजारच्या बनूबाईची भजी परातीत गार होऊन पडली होती. ती कंबरेवर हात ठेवून आली.

"बकुळे, तुझा दादला गेला, मला बी वाईट वाटलं. पन तो काय माझ्या कढईत बुडला?"

त्या आठवड्यात घरातल्या म्हशीनं कणसं खाल्ली. वेणूबाई स्वतः एकेक सोलून तिच्यापुढं टाकत होत्या. वर्षाला असे दहा-बारा रविवार. त्यांच्यावरच घर चालायचं, त्यांच्यावरच बकुळाची लेक कीर्ती अंबरनाथला नर्सिंग शिकत होती. हे बकुळालाही ठाऊक होतं. तरी ती रात्रंदिवस मनाशी घोकत होती, की आपण खरंच सांगणार. काय व्हायचं ते होवो.

मग पुढचा रविवार उजाडला. पहिलीच गाडी आली. चार बाप्ये आणि एक आठ-नऊ वर्षांची पोरगी, दोन वेण्या घातलेली. त्यातल्या एकानं पाच कणसं सांगितली आणि चपला काढता काढता विचारलं, "काकू, इथं कुणी बुडालं होतं म्हणे? पाण्यात उतरायला काही प्रॉब्लेम नाही ना?"

बकुळानं पदर सारखा केला. वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं.

"व्हता एक," मागून वेणूबाई म्हणाल्या. "बेवडा व्हता. सकाळधरनं लावून बसायचा. घरचीसुदिक कटाळली व्हती त्याला."

आवाज अगदी नेहमीचा. मीठ जास्त लावू का कमी, असं विचारावं तसा.

"बघ, मी काय बोललो," तो माणूस मित्राला म्हणाला, आणि पोरीचा हात धरून पाण्याकडं निघाला.

बकुळा सासूकडं बघत राहिली. म्हातारीनं तिच्याकडं बघितलं नाही. तिचे डोळे पाण्यावर होते आणि ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार, आणि ती वेण्यांची पाच. पुन्हा पहिल्यापासून. पाचही डोकी काठाला लागेपर्यंत ती मोजत राहणार होती.

बकुळाला तिचा संताप यायला हवा होता. म्हातारी धर्मराजला बोलली त्याच्या दुप्पट आता तिलाच बोलायला हवं होतं. पण सासूच्या तोंडून तो शब्द निघाला, त्या क्षणी बकुळाच्या जिवाला हायसं वाटलं होतं. सुटले बाई, आता मला बोलावं लागणार नाही. स्वतःची इतकी किळस तिला जन्मात कधी आली नव्हती.

"काकू, तिखट कमी," पाण्यातून कुणीतरी ओरडून सांगितलं.

"हो," बकुळा म्हणाली, आणि पाच कणसं निखाऱ्यावर ठेवली.