यमुताईंचा अलेफ

यमुताई भुताला भ्यायल्या नाहीत, सासूला भ्यायल्या नाहीत, आणि सरकारी नोकरीत तर साहेबच त्यांना वचकून असायचा. पण साठी उलटल्यावर त्यांना अंधाराची भीती बसली. रात्रभर खोलीत ट्यूबलाइट जळायची आणि अनंतराव बिचारे डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपायचे. बायकोला बोलून उपयोग नाही, हे ते लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकले होते.

भीतीला कारण होतं काचबिंदूचं. आयुष्यभर नकाशे काढलेल्या या बाईची नजर कडेकडेनं आत सरकत चालली होती. शस्त्रक्रिया करायची की नुसत्या थेंबांवर भागवायचं, हे नजरेची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उशीर झाला तर उरलेलीही जाईल, असंही. आणि तपासणी व्हायची अंधाऱ्या खोलीत. एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी यंत्रावर, आणि समोरच्या पांढऱ्या पडद्यावर बारीक ठिपका चमकला की बटण दाबायचं. मधे जरा वेळ ठिपका आला नाही की यमुताईंच्या छातीत धस्स व्हायचं. गेलं सगळं, असं वाटून त्या वाट्टेल तेव्हा बटण दाबत सुटायच्या आणि शेवटी उठून बाहेर यायच्या. दोन वेळा हेच झालं.

“काहून उठून आली वं? अंधारानं काय खाल्लं असतं का तुले?” अनंतरावांनी विचारलं.

“तुम्हीच बसून पाहा आत,” यमुताई म्हणाल्या आणि रिक्षात रडल्या.

त्यांची जुनी मैत्रीण एस्तेर पेणकर. ड्रॉइंगच्या कोर्सला दोघी होस्टेलच्या एकाच खोलीत होत्या. एस्तेर अलिबागकडची बेने इस्राएली, म्हणजे कोकणातली यहुदी, शनिवारी चूल न पेटवणाऱ्यांतली. निवृत्तीनंतर ती मुलाकडे इस्राएलला राहून आली आणि तिथे एका म्हाताऱ्या गुरूकडे कब्बाला शिकली. म्हणजे हिब्रू अक्षरांवर ध्यान करण्याची यहुदी लोकांची जुनी विद्या. फोनवर यमुताईंचं सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “एक अक्षर देते तुला. अलेफ. डोळे मिटून ते समोर उभं करायचं.”

“त्यानं नजर सुधरते का?”

“नाही गं. नजर डॉक्टर बघेल. तू अंधारात बसायला शिक.”

अलेफ म्हणजे मधे एक तिरपी काडी, वर उजवीकडे एक छोटा हात, खाली डावीकडे एक. वरचा आभाळाचा, खालचा जमिनीचा, आणि काडीनं दोघांना धरून ठेवलंय, असं एस्तेरनं सांगितलं. शिवाय या अक्षराला स्वतःचा आवाज नाही. बोलण्याआधी तोंड उघडतं, तेवढाच त्याचा उच्चार.

“मराठी पेपर वाचायले डोळे नाही, अन् बाई हिब्रू शिकून राहिली,” अनंतराव शेजाऱ्यांना सांगत सुटले.

यमुताई रोज दुपारी बसू लागल्या. पण अलेफ धड उभा राहीना. बालवाडीपासूनची सवय, त्यांचं मन आधी त्याच्या डोक्यावर शिरोरेषा ओढायचं, आणि अलेफ दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा लोंबकळायचा. रेषा पुसली की हात पुसला जायचा. मग त्या नकाशाचं कसब काढायच्या, कोन मोजायच्या, आणि मोजता मोजता सगळंच विस्कटायचं.

“तू काढतेस, म्हणून ते येत नाही,” एस्तेर म्हणाली. “काळ्या रेषेच्या मागे लागू नकोस. आमच्यात म्हणतात, अक्षराभोवतीचा पांढरा भागही अक्षरच आहे. तो बघ.”

हे काही यमुताईंच्या डोक्यात शिरेना. शेवटी त्यांनी परातीत तांदूळ पसरले, पोरांना दसऱ्याला पहिलं अक्षर गिरवायला देतात तसे, आणि डोळे मिटून बोट फिरवलं. तांदूळ बाजूला सरले, बोटाला परातीचा गार तळ लागला. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की जिथे तांदूळ नाहीत तिथेच अक्षर आहे. भरायचं काहीच नाही, नुसती जागा सोडायची. त्या बोट उचलून गप्प बसल्या. आणि अलेफ आला. डोक्यावर रेषा नाही, काही नाही, अंधारात आपल्या पायावर उभा. यमुताईंना इतका आनंद झाला की त्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली, “अहो, आला.”

“कोण आलं?” म्हणत अनंतराव दार उघडायला गेले.

तिसऱ्या तपासणीच्या दिवशी अनंतराव बाहेरच्या बाकावर पाण्याची बाटली आणि संत्राबर्फी घेऊनच बसले. बायको आता येईल, मग येईल. आत दिवा मालवला गेला. पट्टी बसली. ठिपके आले, बटण दाबलं गेलं, आणि मग ते येईनासे झाले. यमुताईंच्या छातीत धस्स झालंच. ते काही पळून गेलं नव्हतं. पण त्यांनी ठिपक्यांचा पिच्छा सोडला. समोरच्या रिकाम्या पांढऱ्याकडे त्या तांदळाच्या परातीकडे बघावं तसं बघत राहिल्या. जागा सोडली. अलेफ येऊन उभा राहिला आणि त्याच्याबरोबर त्याही तिथेच राहिल्या. ठिपका आला की बटण दाबत होत्या; नाही आला तर नाही.

“झालं, काकू,” तंत्रज्ञ म्हणाली.

“इतक्यात?”

डॉक्टरांनी कागद पाहिला. नजर आणखी आत आली होती, हे त्यांनी लपवलं नाही. पण या वेळी तपासणी विश्वास ठेवण्याजोगी होती. शस्त्रक्रिया करायची, उरलेली नजर वाचवण्याची चांगली संधी आहे, असं सांगून त्यांनी लगेच तारीख दिली.

बाहेर येऊन यमुताईंनी बर्फीचा मोठा तुकडा तोंडात टाकला. आपण जिंकलो आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अनंतराव त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

“असे काय पाहून राहिले?” यमुताई म्हणाल्या. “घरी गेल्यावर तो डोळ्यांवरचा टॉवेल धुवायले टाका.”