न नेलेल्या पुड्या

बिबवेवाडीतल्या डॉ. अनंत गोसावींच्या दवाखान्यात औषधाच्या चिठ्ठ्या फारशा लिहिल्या जात नसत; तिथे पुडी मिळे. चौकोनी कापलेला पांढरा कागद, त्यात तीन दिवसांच्या गोळ्या, कागदाला दोन उलट्या घड्या आणि वर दिवसातून किती वेळा घ्यायची त्याच्या निळ्या रेघा. कसबा पेठेतून रोज बसने येणाऱ्या गोदाबाई गेली बावीस वर्षे या पुड्या बांधत होत्या, आणि त्यांची घडी इतकी पक्की असे की भाजीच्या पिशवीत तळाला गेलेली पुडीसुद्धा सुटत नसे. पुडीवर औषधाचे नाव नसे. ते विचारण्याची रुग्णांना सवय नव्हती आणि सांगण्याची डॉक्टरांना. सर्दी-खोकला घेऊन जो येई, त्याच्या पुडीत एक तांबडी-काळी कॅपसूल असायचीच. ती अँटिबायोटिक आहे आणि बहुतेक खोकल्यांवर तिचा काही उपयोग नसतो, हे गोसावींना कॉलेजात असल्यापासून माहीत होते. पण माहीत असणे वेगळे, आणि दुपारी एक वाजता बाकावर चौदा माणसे ताटकळत असताना ते आठवणे वेगळे.

दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर डॉक्टरांच्या संघटनेने एक अभ्यासवर्ग काढला. दर पंधरवड्याला एका रविवारी सकाळी, बारा फॅमिली डॉक्टर, आणि शिकवायला सार्वजनिक आरोग्याच्या अध्यापिका डॉ. प्रियदर्शनी. वय जेमतेम चौतीस. लवकर निघता यावे म्हणून गोसावींनी पहिल्या दिवशी दाराजवळची खुर्ची धरली होती. पण बाईंनी ना पडदा लावला, ना आकडे दाखवले. प्रत्येकाच्या हातात त्यांनी एक कोरी वही ठेवली. खोकल्याचा प्रत्येक रुग्ण तीत लिहायचा: तपासणीत काय आढळले, काय दिले; आणि शेवटचा रकाना होता ‘का दिले’. वही कोणी तपासणार नव्हते. ज्याची त्याने वाचायची होती.

पंधरा दिवसांनी गोसावींनी आपली वाचली. ‘ताप जास्त’, ‘कफ पिवळा’ अशी सुरुवातीची कारणे शास्त्राला धरून होती. पुढे, ही वही खरोखरच कोणी पाहणार नाही अशी खात्री पटल्यावर, लेखणी खरे बोलू लागली होती. ‘मागितली म्हणून.’ ‘शनिवार होता.’ ‘बाहेर गर्दी.’ ‘आयटीतला मुलगा, सोमवारी काम द्यायचे आहे, स्ट्राँग द्या म्हणाला.’ ‘न दिल्यास समोरच्या दवाखान्यात जाईल.’ एकसष्ट रुग्णांपैकी पंचावन्न जणांना कॅपसूल दिली होती, आणि छातीत खरोखर काही ऐकू आले होते ते चौघांच्या. गोसावींनी वही मिटली. सव्वीस वर्षांच्या व्यवसायात आपल्याला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि आपणही तो स्वतःला विचारला नव्हता, याचे त्यांना नवल वाटले.

वर्गात वाद झालाच. धनकवडीचे डॉ. बद्रीनाथ म्हणाले, “बाई, मी नाही दिली तर समोरचा देतो. मग माझं शास्त्र घेऊन मी देवळात बसू का?”

सगळे हसले, प्रियदर्शनीबाईही हसल्या. “देऊ नका असं मी कुठं म्हणते? थोडं थांबा, एवढंच म्हणते. पण रुग्णाला काय पाहायचं ते शिकवा आणि मग थांबा. नुसतं थांबणं म्हणजे आळस.”

काय पाहायचे, तेही त्यांनी सांगितले. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. खाणेपिणे सुटले, ग्लानी आली, धाप वाढली, तर वाट पाहायची नाही. तसे काही नसेल, तर औषधाची चिठ्ठी लिहून ठेवायची आणि तिसऱ्या दिवशीही बरे वाटले नाही तर न्यायला सांगायची. गोसावींकडे चिठ्ठ्यांचा रिवाजच नव्हता. म्हणून त्यांनी आपल्या रीतीने उपाय काढला: पुडी बांधायची, तिच्यावर रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि तारीख घालायची, आणि ती दवाखान्यातच फळीवर ठेवून द्यायची.

गोदाबाईंनी हे शांतपणे ऐकून घेतले. “म्हणजे आज औषधाचं दर्शन घ्यायचं,” त्या म्हणाल्या, “आणि प्रसाद तिसऱ्या दिवशी.” तरी पुड्या त्यांनी पूर्वीसारख्याच नेटक्या बांधल्या, आणि फळीवर तारखेवार लावल्या.

पहिल्या महिन्यात काही जण खरोखरच समोरच्या दवाखान्यात गेले. काही कुरकुरले. पण फळीवरच्या निम्म्याहून अधिक पुड्या न्यायला कोणी आलेच नाही. त्या माणसांना आपोआप बरे वाटले होते.

जानेवारीत रावसाहेब आपल्या आईला घेऊन आले. दवाखान्याची जागा रावसाहेबांची होती. या घराण्याच्या शेतांवर आता सोसायट्या उभ्या होत्या आणि रावसाहेबांचा मुलगा विश्वजीत सकाळी हिंजवडीच्या कंपनीच्या बसने कामाला जात असे. पण गोसावींनी पाटी लावली तेव्हा खिडकीबाहेर ज्वारी उभी होती, आणि त्यांच्या पायरीवर चढलेली पहिली रुग्ण होती रावसाहेबांची आई, बायडाबाई. तिनेच पुढे अख्ख्या वाडीला सांगितले होते की या डाक्टरच्या हाताला गुण हाय. त्या एका वाक्यावर गोसावींचा दवाखाना चालू लागला होता. ते हे कधी विसरले नव्हते.

बायडाबाई आता पंच्याहत्तरीच्या होत्या. चार दिवसांचा खोकला होता. गोसावींनी पुढून, मागून, बगलेतून छाती ऐकली. आवाज स्वच्छ होता. ताप नव्हता, श्वास मिनिटाला अठरा होते, सकाळी भाकरी खाल्ली होती. हात सवयीने गोदाबाईंच्या खिडकीकडे वळला आणि थांबला. समोर पहिली रुग्ण, तिच्यामागे जागेचा मालक. यापेक्षा अवघड परीक्षा प्रियदर्शनीबाईंनीही काढली नसती.

त्यांनी खोकल्याचे साधे औषध दिले आणि पुडी फळीवर ठेवायला सांगितली. रावसाहेबांना ते पटणे शक्यच नव्हते. सुई टोचा, चार कॅपसुली द्या, हाय काय अन् नाय काय, असे त्यांचे म्हणणे. गोसावींनी समजावून पाहिले. शेवटी रावसाहेब उठले. “डाक्टर, जागा माझी, आई माझी, कॅपसूल तेवढी तुमची. ती बी सुटंना व्हय तुमच्या हातून?”

गोसावींनी घड्याळ काढून टेबलावर ठेवले. बरोबर आलेल्या दीपमालेला, विश्वजीतच्या बायकोला, त्यांनी समोर बसवले आणि तिच्याकडून आजेसासूचे श्वास एक मिनिटभर मोजून घेतले. पहिल्यांदा तिचे चुकले. त्यांनी पुन्हा मोजायला लावले. बाहेर बाकावर खोकणारे खोकत होते. दिवसातून तीनदा मोज, त्यांनी बजावले, पंचवीसच्या वर गेले, जेवण सुटले किंवा आजी गुंगीत वाटल्या तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नकोस, तडक फोन कर. तिने ते सगळे तळहाताएवढ्या कागदावर लिहून घेतले. रावसाहेब निरोप न घेता गाडीत जाऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. “डॉक्टरकाका, आजींचे श्वास एकतीस आहेत. मी दोनदा मोजले.”

गोसावी जेवणाचे ताट तसेच ठेवून स्कूटरवर निघाले. बायडाबाई कॉटवर डोळे मिटून पडल्या होत्या. अंगात ताप होता, आणि काल जिथे स्वच्छ हवा वाजत होती, त्या उजव्या बाजूच्या तळाशी आता बारीक चरचर ऐकू येत होती. न्यूमोनिया. स्टेथोस्कोप काढताना त्यांची नजर उशाकडे गेली. तिथे बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडा होता, आणि त्यात पुड्या होत्या. पांढरा कागद, दोन उलट्या घड्या, निळ्या रेघा. कागद पिवळे पडत गेले होते. प्रत्येकात एक-दोन तांबड्या-काळ्या कॅपसुली उरलेल्या.

“तुम्ही काल दिली न्हाई,” बायडाबाई डोळे न उघडता म्हणाल्या, “मग मीच घेतल्या दोन. तुमच्याच हायेत की. बरं वाटलं की उरल्याल्या ठिवायच्या. कुणी आजारी पडलं तर द्यायच्या. टाकवत न्हाई औषध.”

गोसावींनी डब्याचे झाकण लावले. तो डबा त्यांना आपल्या नावाच्या पाटीसारखा वाटला. त्यांनी रुग्णालयात फोन केला आणि स्वतः रावसाहेबांच्या गाडीत बायडाबाईंचा हात धरून बसले.

भरती झाल्यावर गोसावी आणि रावसाहेब बाहेरच्या बाकावर बसून राहिले. रावसाहेबांनी विचारले, “काल पुडी दिली असती तर?”

“मला माहीत नाही,” गोसावी म्हणाले. दुसरे काही बोलले असते तर ते खोटे झाले असते.

ते चार दिवस त्यांना जड गेले. सकाळी दवाखाना उघडण्याआधी आणि संध्याकाळी बंद केल्यावर ते रुग्णालयात जाऊन येत. दवाखान्यात दोन साध्या खोकल्यांना त्यांनी भीतीपोटी कॅपसूल देऊन टाकली, आणि वहीत ‘का दिले’पुढे प्रामाणिकपणे लिहिले: ‘भीती.’ फळीवर बायडाबाईंच्या नावाची पुडी तशीच होती. गोदाबाई तिच्याकडे पाहत नव्हत्या, आणि या विषयावर एकही तिरकस वाक्य बोलत नव्हत्या. त्यावरून गोसावींना आपली अवस्था कळत होती.

चौथ्या दिवशी कफाच्या तपासणीचा अहवाल आला. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तो गोसावींच्या हाती दिला. बायडाबाईंच्या छातीतला जंतू त्या तांबड्या-काळ्या कॅपसुलीला जुमानत नव्हता. इथे पहिल्या दिवसापासून दुसरे औषध चालू होते, ते लागू पडले होते. ताप उतरत होता. लवकर आणलंत, ते डॉक्टर म्हणाले, या वयात घरी आणखी दोन दिवस गेले असते तर सांगता आले नसते.

गोसावी रावसाहेबांपाशी जाऊन बसले आणि त्यांनी सगळे सांगितले. जंतूचे सांगितले, डब्याचे सांगितले. नेहमी थोडी थोडी अँटिबायोटिक घेत राहिले की जंतू सरावतात. आईंच्या बाबतीत तसेच घडले असे खात्रीने म्हणता येणार नाही, पण घडले असेल तर त्यात माझ्या सव्वीस वर्षांच्या पुड्यांचा वाटा आहे, हेही सांगितले. हे बोलताना त्यांनी जागा सोडावी लागण्याची तयारी मनात केली होती.

रावसाहेब भिंतीकडे पाहत होते. “म्हंजे त्या दिवशी तुम्ही ती पुडी दिली असती,” ते सावकाश म्हणाले, “तर आम्ही पुडीच्या भरवशावर बसलो असतो. पोरीनं श्वास मोजलेच नसते.”

“तसं झालं असतं, असं मला वाटतं.”

“आन् हे तुम्ही मला सांगताय. न सांगता बी चाललं असतं की.” त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. “चहा पिऊ, चला.”

बायडाबाई अकराव्या दिवशी घरी आल्या आणि महिन्याभराने, दीपमालेचा हात धरून, दवाखान्याची पायरी चढल्या. पदराआडून त्यांनी पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. “ह्ये घ्या तुमचं तुम्हाला. आता पोरगी श्वास मोजती, मला डबा कशाला?” मग थोडे थांबून, “गुण हाय तुमच्या हाताला,” असे त्या पुन्हा म्हणाल्या. गोसावींना आपल्या हाताकडे पाहवेना. यातला गुण माझा नाही आजी, ते म्हणाले, दीपमालेचा आहे, आणि आणखी एका बाईंचा, ज्यांना तुम्ही कधी पाहिलेले नाही.

त्या बाईंना हे सांगणे उरले होते. रविवारच्या वर्गात गोसावींनी सगळी हकीगत उभे राहून सांगितली. भीतीपोटी दिलेल्या दोन कॅपसुलींसकट. बद्रीनाथांनी विनोद केला नाही. फळीवर तारखा कशा लावता, एवढेच त्यांनी विचारले. वर्ग सुटल्यावर गोसावी मागे रेंगाळले. आभाराची दोन वाक्ये त्यांनी मनाशी जुळवली होती, ती वेळेवर आठवली नाहीत.

“तुम्ही माझ्याहून किती लहान,” ते म्हणाले. “या वयात मला कुणी शिकवेल असं वाटलं नव्हतं. सगळे नमस्कारच करतात. तुम्ही विचारलंत, का दिलं. फार उपकार झाले.”

प्रियदर्शनीबाई कोऱ्या वह्यांचा गठ्ठा उचलता उचलता थांबल्या. “उत्तर तुम्ही खरं लिहिलंत,” त्या म्हणाल्या. “दर वेळी लिहिलं जात नाही. माझ्याकडूनसुद्धा.”

मार्चमध्ये रावसाहेबांना खोकला झाला. गोसावींनी त्यांना पुढून-मागून तपासले, मिनिटभर श्वास मोजले आणि काही सांगण्यासाठी तोंड उघडले. पण रावसाहेबांनी हात वर केला. “ठाव हाय. बांधा आन् ठिवा फळीवर. नाव नीट लिवा बाई, न्हाईतर न्यायचा दुसराच कोणी.”

“मालकांच्या पुडीला कोण हात लावतो?” गोदाबाई आतून म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी रावसाहेब आले. खोकला उरला नव्हता. त्यांनी उंबऱ्यातूनच आत डोकावून फळीकडे पाहिले. त्यांच्या नावाची पुडी जागेवर होती.

“हाय ना अजून?” ते म्हणाले. “असू द्या.” आणि बाकावर बसलेल्या माणसांना वाट करून देत ते पायऱ्या उतरून गेले. गोसावींनी वही पुढे ओढली, शेवटच्या ‘का दिले’ रकान्यात काही लिहायचे नाही हे पाहिले, आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.